चिवड्याचा कढीपत्ता आणि दोन घरच्या अळ्या

ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. त्याच्या चौकोनांत आईचा सगळा हिशेब असतो: दुधाचा खाडा, सिलिंडर कधी लावला, कामवाली कधी आली नाही. मधूनच एखाद्या चौकोनात नुसता ‘अ’ आणि पुढे आकडा. अ म्हणजे अमावास्या नव्हे, अळ्या. गॅलरीतल्या कढीपत्त्यावर त्या दिवशी सापडलेल्या. जुनी कॅलेंडरं आई टाकत नाही. मागच्या पानांवरचे लेख वाचायचे राहिलेत, म्हणते.

मी नवी मुंबईत नेरूळला राहते. २०२१ मध्ये इथे आले तेव्हा आईने तिच्याच झाडाच्या बुडाशी आलेला एक फुटवा मातीसकट पिशवीत घालून दिला. तो मांडीवर घेऊन मी ठाणे–नेरूळ लोकलने आले. आता ते झाड माझ्या खांद्याला लागतं. अळ्या दिसल्या की मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकते, त्यामुळे तारखा फोनमध्ये आपोआप राहतात.

२०२४ च्या डिसेंबरात आईकडे राहायला गेले होते तेव्हा सहज म्हणून तिचे ‘अ’ आणि माझे फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले. वर्षातून तीनदा दोन्हीकडे अळ्यांची चलती असते. एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, एकदा पावसाचा जोर ओसरल्यावर, आणि मधे तीन-चार आठवडे शुकशुकाट झाल्यावर पुन्हा एकदा थंडीच्या तोंडावर. या शेवटच्या खेपेच्या तारखा पाहून मी चमकले. २०२२ साली आईचा पहिला ‘अ’ १४ नोव्हेंबरला, माझा पहिला फोटो १६ नोव्हेंबरचा. २०२३ साली माझा फोटो ४ डिसेंबरचा, आईचा ‘अ’ ५ डिसेंबरला. २०२४ साली आई २२ नोव्हेंबर, मी २३. खेपही दोन्हीकडे साधारण एकदमच संपली होती.

म्हटलं तर विषय किरकोळ. पण मी अकरावी-बारावीला गणित आणि संख्याशास्त्र शिकवते, आणि याच ‘किरकोळ’ गोष्टीवर प्राणिशास्त्रात शंभर वर्षं डोकेफोड चालली आहे. एकमेकांपासून लांब असलेल्या जागी एकाच जातीच्या प्राण्यांची संख्या एकाच वेळी का चढते आणि एकाच वेळी का पडते? पुस्तकी उत्तरं तीन: त्यांचं एकमेकांकडे येणं-जाणं आहे, किंवा दोघांना खाणारा शत्रू एकच आहे, किंवा दोघांवर हवामान एकच आहे. घरगुती प्रकरणात यांच्याआधी चौथ्या संशयिताची झडती घ्यावी लागते. तो म्हणजे मोजणारा.

मोजणाऱ्याची झडती

२०२३ च्या तारखा पुन्हा पाहा. मी ४ तारखेला रात्री फोटो टाकला आणि आईने ५ ला सकाळी आपलं झाड पाहिलं. २०२२ ला तिने फोनवर सांगितलं म्हणून मी दोन दिवसांनी कुंडीकडे वळले. म्हणजे अळ्या एकदम आल्याच नसतील, आम्ही एकदम पाहिलं असेल. मोजणारेच एकमेकांशी बोलत असले की आकडेही एकमेकांशी बोलायला लागतात.

इथे अळीच्याच अंगाने सुटका केली. आमच्याकडे येतं ते कॉमन मॉरमॉन फुलपाखरू, महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्लू मॉरमॉनचं भावंड. मादी कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर एकेक सुटं, फिकट पिवळं, खसखशीच्या दाण्याएवढं अंडं घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते, पण ती दिसते हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी, तपकिरी-पांढरी. त्यामुळे नजर तिच्यावर ठरतच नाही. आठ-दहा दिवस खाऊन शेवटची कात टाकली की ती हिरवीगार होते, आणि मग जो खाण्याचा सपाटा लावते त्यात पानाची नुसती काडी उरते. खाली फरशीवर काळ्या लेंड्या पडतात. झाडू मारताना त्या दिसतात, मग मान वर जाते, मग अळी दिसते. आमच्या दोघींच्या घरी शोध लागण्याची पद्धत हीच. झाडूची काडी लागली तर डोक्यामागून दोन लाल शिंगं फटकन बाहेर येतात आणि कुजक्या संत्र्याच्या सालीसारखा वास सुटतो. आई त्याला ‘जीभ काढते’ म्हणते.

तर माझ्या प्रत्येक पहिल्या फोटोत अळी हिरवी आहे, चार सेंटिमीटरच्या आसपास. आईची नोंदही ‘हिरवीगार, करंगळीएवढी’ अळीचीच असते, कारण त्याहून लहान तिला चष्म्यातून दिसत नाही. म्हणजे दोन्हीकडची अंडी त्याआधी साधारण दोन आठवडे, पाच-सहा दिवसांच्या फरकाने पडलेली असणार. फोनमुळे मी दोन दिवस आधी पाहिलं असेन, पण फोनमुळे अळी लठ्ठ होत नाही. जुळणी खरी होती. एक-दोन दिवसांइतकी चोख नसेल, पण खरी.

येणं-जाणं, आणि शत्रू

नौपाडा ते नेरूळ सरळ रेषेत सतरा-अठरा किलोमीटर. मधे पारसिकचा डोंगर आणि एमआयडीसीचा पट्टा. कॉमन मॉरमॉन उडायला दणकट असतं, पण ठाण्याचं फुलपाखरू नेरूळला येऊन अंडी घालतं असं समजायची गरज नाही. दर चार-पाच इमारतींमागे कुणाच्या तरी खिडकीत कढीपत्ता असतोच. हात धरून माणसांची साखळी व्हावी तशी ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे अशी साखळी होऊ शकते, आणि पिढ्यान्‌पिढ्या अशी देवघेव चालू राहिली तर दोन टोकांच्या संख्या एकमेकींना ओढत जवळ आणतात. पण अशी ओढ सावकाश पोचते. एका टोकाला चढ आला की दुसऱ्या टोकाला तो काही आठवड्यांनी दिसायला हवा, आणि फुलपाखराची पिढीच अंड्यापासून पंखांपर्यंत महिनाभराची. आमच्याकडे तर कधी ठाणं एक-दोन दिवस पुढे, कधी नेरूळ.

येण्याजाण्याने संख्या जुळते हेही दरवेळी खरं नसतं. उलट उदाहरण आमच्या दाराशीच आहे. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांसाठी (फ्लेमिंगोंसाठी) २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलावर पसरून खातात. भरतीने चिखल बुडला की थवे उठून नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींत येऊन एका पायावर उभे राहतात. एकाने खाडीत मोजलं आणि दुसऱ्याने नेरूळला, तर एकाचा आकडा चढेल तेव्हा दुसऱ्याचा पडेल. पक्षी तेवढेच, फक्त हजेरी बदलली. माझ्या नवऱ्याला रोहितांचं वेड आहे. त्याच्या वहीतल्या आकड्यांपेक्षा त्यापुढे लिहिलेली भरतीची वेळ मला जास्त मोलाची वाटते.

शत्रूंचं थोडक्यात. शिंपी आणि बुलबुल हे पक्षी अळ्या उचलतात. त्याहून बेरकी एक इवलीशी माशी आहे, गांधीलमाशीच्या दूरच्या गोतातली. ती ताज्या कोशात अंडी घालते. २०२३ च्या डिसेंबरात माझ्या गॅलरीच्या जाळीला चिकटलेल्या कोशातून फुलपाखरू कधी निघालंच नाही. काही दिवसांनी कोशाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली आणि आत हलकं, पोकळ टरफल. त्याच सुमारास आईकडून मात्र दोन फुलपाखरं उडाली. मोठ्या भूभागावर फिरणारे शिकारी पक्षी दूरदूरच्या उंदीर-घुशींच्या संख्या एकत्र खाली आणू शकतात हे खरं, पण गॅलरीतले हे शत्रू त्या त्या गॅलरीपुरते. ते जुळणी बिघडवतात, घडवत नाहीत.

लोकलच्या कड्या

उरलं हवामान. इथे एक ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञ भेटतो, पॅट्रिक मोरान. कॅनडातल्या लिंक्स या रानमांजराच्या फरच्या जुन्या नोंदी घेऊन त्याने १९५३ मध्ये गणित मांडलं. दोन जागच्या संख्या एकाच नियमाने वाढत-घटत असतील, आणि त्यांच्यात काडीचाही संबंध नसेल, तरी दोन्हीकडच्या हवामानात जितकं साम्य तितकंच साम्य त्या संख्यांतही उतरतं. मी हे वर्गात ट्रान्स-हार्बर लोकलच्या डब्याने शिकवते. उभ्या प्रवाशांसाठी वर ज्या कड्या लटकतात त्या एकमेकींना बांधलेल्या नसतात, पण तुर्भ्याच्या सांध्यावर गाडी हिसकली की सगळ्या एका तालात झुलतात. हिसका सगळ्यांना एकच आणि लांबीही सगळ्यांची एकच. एखादी कडी तुटून आखूड झालेली असेल तर ती वेगळीच थरथरते.

‘लांबी एकच’ ही अट लोक विसरतात. आमच्या प्रकरणात ती विलक्षण चोख पाळली गेली होती, कारण माझं झाड म्हणजे आईच्याच झाडाचा फुटवा. रक्त एक, ऊन-पावसाला पालवी फुटायची सवय एक.

मोरानच्या गणिताची खरी कसोटी लागते ती येणं-जाणं शक्यच नसलेल्या जागी. स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा हा द्वीपसमूह आहे. त्यातल्या हिर्टा आणि बोरेरे या दोन बेटांवर रानटी झालेल्या मेंढ्या आहेत. मेंढ्या काही समुद्र पोहून पाहुणचाराला जात नाहीत, तरी दोन बेटांवरच्या संख्या बऱ्याच अंशी एकत्र हलतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की एवढी जुळणी व्हायला हवामानातलं साम्य मात्र फारच जास्त लागतं, सहसंबंध ०.९ च्या घरातला (१ म्हणजे पूर्ण जुळणी). कारण मेंढ्यांची संख्या हवामानाला नेहमी सारखाच प्रतिसाद देत नाही. कळप दाटलेला असताना वादळ झालं तर धूळधाण होते, विरळ असताना तेच वादळ निभावून जातं. ध्रुवाजवळच्या स्वालबार्डवर तर हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडून गोठला की चारा बर्फाच्या कवचाखाली जातो, आणि रेनडिअर, टार्मिगन पक्षी आणि उंदरासारखे व्होल, तिघांची संख्या एकदमच पडते. त्यांच्यावर जगणाऱ्या कोल्ह्याची पडते ती वर्षभराने.

आपल्याकडे पाऊस कितपत सामाईक, असं कुणी विचारेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला शंभरीसुद्धा गाठली नाही. एकेका दिवसाची सर अशी लहरी असते. पण पाऊस सुरू होणं, थांबणं, फेब्रुवारीत गारवा सरून ऊन तापायला लागणं, हे ठाण्याला आणि नेरूळला बरोबरच होतं. पालवीला सर मोजायची नसते, ऋतू कळायचा असतो.

म्हणून २०२४ च्या डिसेंबरात मी निकाल देऊन टाकला: हवामान. ग्रुपवर लांबलचक मेसेजही पाठवला, आणि आईने त्यावर नमस्काराचा हात टाकला.

तीन आठवड्यांची उडी

निकाल महिनाभर टिकला. मग एक गोष्ट खुपायला लागली. २०२२ ला अळ्या नोव्हेंबरच्या मध्यात, २०२३ ला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, २०२४ ला पुन्हा मागे. थंडीच्या तोंडावरचं हवामान एका वर्षात तीन आठवडे पुढे आणि दुसऱ्या वर्षी जवळजवळ दोन आठवडे मागे सरकलं? अशा वेळी एखादी कथा रचणं फार सोपं असतं. कुठल्याही वर्षाच्या हवामानात काहीतरी ‘वेगळं’ सापडतंच. मी दोन संध्याकाळ तेच केलं, कबूल करते.

उत्तर आईच्या कॅलेंडरात लाल शाईत छापलेलं होतं. लक्ष्मीपूजन २०२२ ला २४ ऑक्टोबर, २०२३ ला १२ नोव्हेंबर, २०२४ ला १ नोव्हेंबर. २०२३ ला श्रावण अधिक होता, म्हणून दिवाळी एकोणीस दिवस पुढे गेली. पुढच्या वर्षी नेहमीप्रमाणे अकरा दिवस मागे आली. लक्ष्मीपूजनापासून आईच्या पहिल्या ‘अ’पर्यंतचे दिवस मोजले: २१, २३, २१.

मी फोन करून आईला विचारलं, “दिवाळीत तू कढीपत्त्याला काय करतेस?”

“काय करणार? खुडते. चिवड्याला.”

“किती?”

“दोन किलो पोह्यांचा चिवडा असतो. मूठमूठभर लागतो. शेंडेच खुडते सगळे, म्हणजे परत फुटतो छान. तुलाही तेच सांगितलंय की.”

सांगितलं होतंच. पोहे उन्हात टाकायचे, कढीपत्ता धुऊन फडक्यावर अगदी कोरडा करायचा, नाहीतर चिवडा सादळतो. आणि पानं ओरबाडायची नाहीत, शेंडे खुडायचे. माझ्या हाताला ही सवय तिच्याकडूनच लागली, फुटव्याबरोबर आली म्हणा. शेंडा गेला की खालच्या डोळ्यांतून आठ-दहा दिवसांत लालसर-पोपटी पालवी फुटते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आसपासची न खुडलेली झाडं जून पानांवर बसलेली असताना आमच्याच दोन कुंड्या कोवळ्या होतात. मादी कोवळं पान शोधत फिरतच असते. लक्ष्मीपूजनाच्या चार-पाच दिवस आधी खुडणी, आठ-दहा दिवसांनी पालवी, मग अंडं, मग दोनेक आठवड्यांत लेंड्या. बेरीज बसते.

म्हणजे मोरान चुकला नव्हता. हिसका एकच होता आणि कड्या सारख्याच लांबीच्या. फक्त हिसका आभाळातून न येता पंचांगातून येत होता.

हीच चूक थोरांनीही केली आहे. ऑक्सफर्डच्या चार्ल्स एल्टन या प्राणिशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये उत्तरेकडच्या प्राण्यांच्या संख्येतली ठरावीक वर्षांनी येणाऱ्या चढउतारांची आवर्तनं सूर्यावरच्या डागांशी जोडून पाहिली होती. डागांचं चक्र सरासरी अकरा वर्षांचं, लिंक्सचं सुमारे दहाचं. थोड्या काळाच्या नोंदी पाहिल्या तर दोन्ही मजेत जोडीने चालतात. पुढे एल्टनने मेरी निकोलसनबरोबर हडसन्स बे कंपनीची फरची खातेपुस्तकं धुंडाळली आणि शंभराहून जास्त वर्षांची मालिका उभी केली. ती १९४२ मध्ये छापून आली, आणि त्या लांब मालिकेत लिंक्स आणि डाग यांची जोडी फुटली. घड्याळं वेगवेगळ्या लांबीची असली की कधी ना कधी सरकतात. थोडा धीर धरावा लागतो. मला धीर धरावा लागला नाही, अधिक महिन्याने एका फटक्यात एकोणीस दिवस सरकवून दिले.

नणंदेचं झाड

तिसरं घर वाशीला, माझ्या नणंदेचं. तिच्या सोसायटीच्या कुंपणाशी जमिनीत लावलेला कढीपत्ता आहे, चांगला दीड पुरुष उंच. लागेल तशी चार पानं कुणीही तोडतं, पण एकदम खुडणी कधी नाही. आणि नणंद फराळ बाहेरून मागवते. (आईचं यावर मत आहे. ते इथे नको.) गेल्या तीन वर्षांचं ती काही लिहून ठेवत नव्हती, म्हणून २०२५ च्या जानेवारीपासून दर रविवारी झाडाखाली जाऊन पाहायला तिला गळ घातली. फेब्रुवारीच्या शेवटी तिच्याकडे अळ्या, आईकडे अळ्या, माझ्याकडे अळ्या. पावसाचा जोर ओसरल्यावर पुन्हा तिन्हीकडे. या दोन खेपा हवामानाच्या, त्यात मला आता शंका नाही. त्या वेळी सगळाच परिसर कोवळा असतो.

मग दिवाळी आली. २०२५ चं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. मी माझ्या झाडाला हात लावला नाही. नेरूळच्या मंडईतून वीस रुपयांची जुडी आणली आणि चिवडा केला. आईने नेहमीसारखा खुडला, पण गुडघे दुखत होते म्हणून चिवडा एक किलोचाच, त्यामुळे अर्धं झाड तसंच राहिलं. या वेळी ग्रुपवर काही टाकायचं नाही असं ठरलं होतं. आईला हे चार दिवस जमलं.

१२ नोव्हेंबरला तिच्याकडे ‘अ ४’, चारही खुडलेल्या बाजूला. वाशीला काही नाही. माझ्याकडे २० तारखेला एक हिरवी अळी, तीसुद्धा जुन्या फांदीवर, जिथे नवीन पालवीचा मागमूस नव्हता. ती माझ्या मांडणीत बसत नाही. बसत नाही तशीच वहीत लिहून ठेवली आहे. एका वर्षाने आणि एका झाडाने काही सिद्ध होत नसतं, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते. आता स्वतःलाही सांगावं लागतंय. पुढच्या खेपेला अदलाबदल करायची आहे: मी खुडणार, आईचं झाड शाबूत ठेवायचं.

आईला हे मान्य नाही. घरचा कढीपत्ता असताना विकतचा घालायचा म्हणजे काय, हा तिचा मुद्दा. शेवटी तडजोड अशी की दोघींनीही खुडायचं आणि तारीख आधी सांगून दाखवायची. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे दिवाळी पुन्हा पुढे गेली, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. नवीन कालनिर्णय दारामागे लागलं त्याच दिवशी आईने नोव्हेंबरचं पान उलटून २९ तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने ‘अ?’ लिहून ठेवलं. शेजारी तिच्याच अक्षरात: सिलिंडर बघणे.